कायम ऱ्हायाचा इरादा

…न्हाई, पर मला एक सांगा, इरादा म्हंजी काय बाजारातलं जनावर हाय व्हय, दावं लावून हापिसाम्होरं उबं करायचं? दात बघा, शेपूट उचलून बघा आन् म्हना, 'व्हय, बरा हाय इरादा, जाऊ द्या ह्येला!' आरं, इरादा मानसाच्या पोटात आसतो! पर सायेबाला कोन सांगनार? सायेबाचं आपलं एकच… 'मानसिंगराव, तोंडी नको. इरादा दाखवा.' हासतायसा? हासा, हासा! तुमी तुमच्या बापजाद्याच्या घरात ऱ्हाताय, तुमास्नी कोन कशाला इचारतंय, की बाबा, तुजा हितं ऱ्हायाचा इचार हाय का न्हाई? सकाळी उठला, च्या पिला, झालं, ऱ्हायलासा! मला मातुर, तुमास्नी सांगतो, नुस्तं ऱ्हायाचं ठरिवलं तर त्येचा पुरावा द्यावा लागला.

आता पयल्यापासनं ऐका, म्हंजी माजं डोस्कं का फिरलंय ते कळंल. आमचं गाव जांभुळमुरा. सातारच्या वरल्या अंगाला, पार डोंगरात. खाली नदीवर सरकारनं धरान बांधाय घेतलं. बांधा म्हनलं, आमी काय आडवं पडलो न्हाई. भाताचं पीक जळून गेलं त्या मोठ्या दुस्काळात आमी बी खडी फोडाय गेलतो, पान्याची किंमत आमाला म्हाईत हाय. पर त्या धरनाचं पानी फुगत फुगत मागं येनार, आन् पुढल्या पावसाळ्यात आमचं गाव त्येच्या पोटात जानार. घरं, खाचरं, देऊळ, मसनवटा, समदं. बदल्यात जिमीन मिळनार ती कुटं? तर सांगली जिल्ह्यात! मिरजंच्या पल्याड, हिंगनहट्टीला. कुटं आमचा डोंगूर आन् कुटं ती हट्टी! तितं टेकाड म्हनून बघायचं तर गावातल्या उकिरड्यावर चडाय लागतं.

तरी बी जायाला तयार झालो. पर झालं काय, आमच्याच गावचा लालासाहेब, त्येला पयल्या खेपंला जिमीन मिळाली. ह्यो गडी खाली गेला, जिमीन बघितली, ऊन बघितलं, जिमीन दिली दुसऱ्याला वाट्यानं आन् दोन दिसांत शेरडं घिऊन परत वर! धरनाच्या वरल्या कड्याला झोपडं घालून ऱ्हायला. आसं चार-दोन लालासाहेब निघालं, आन् सरकार तापलं. म्हनलं, आता हितनं म्होरं जिमीन कायम करायची ती इरादा बघून. तवर नुस्ता तात्पुरता ताबा. आन् इरादा शाबित झाला न्हाई तर? तर ताबा रद्द! आता बघा, वरलं गाव पान्यात, खालची जिमीन रद्द… मंग मानसिंगानं ऱ्हायाचं कुटं? येस्टीत?

तर मी ग्येलो पुनर्वसनाच्या हापिसात. सायेब तरना, चष्मेवाला, बोलाय गोड. 'बसा,' म्हनला. बसलो. 'तिथे कायमचं राहण्याचा इरादा आहे?' म्हनलं, 'हाय.' 'कशावरून?' आता कशावरनं काय? म्या म्हनलं, 'भैरोबाची आन घिऊन सांगतो, ऱ्हानार.' सायेब म्हनला, 'कुठला भैरोबा?' म्हनलं, 'आमचा, जांभुळमुऱ्याचा.' 'म्हणजे बुडीत क्षेत्रातला. त्याची शपथ कशी चालेल?' घ्या! देव बी बुडीत! म्हनलं, 'सायेब, माजा पोरगा पल्टनीत हाय, सरकारची चाकरी करतोय.' 'कुठे आहे?' 'ते सांगत न्हाईत.' 'मग त्याचा इरादा काय?' 'त्यो सरकारलाच म्हाईत!' सायेब हासला, पर कलम काय हालंना. म्हनला, 'मानसिंगराव, तुमच्यावर अविश्वास नाही हो. पण मला वर उत्तर द्यावं लागतं. इरादा दाखवा.'

दाखिवतो म्हनलं! खाली ग्येलो हिंगनहट्टीला. मेडी रवल्या, छप्पर घातलं, चूल मांडली, वरनं म्हैस आनली. आन् बायकूला, रंगूबाईला, म्हनलं, 'तू वर ऱ्हा, घराचं वासं निघंस्तवर राखन कर, मी खाली इरादा करतो.' आता ती म्हैस… लय गुनाची. पर जल्म गेला डोंगरात, धुक्यात आन् वढ्याच्या पान्यात. हितं आली ती मिरजंच्या उनात. आवं, तिनं काय करावं? दावं तोडलं आन् गेली ती सरळ आदगोंडा पाटलाच्या हिरीवरल्या हौदात जाऊन बसली! उठंना! आदगोंडा पाटील वरडतोय, 'ए मानसिंगाऽ, म्हस काढ की रे, पानी प्यायचं हाय आमचं!' मी वडतोय, ती बसलीय. आन् नेमका तवाच सायेब तपासनीला दत्त म्हनून हजर! गोठ्यात म्हैस न्हाई, छपरात मी न्हाई, चूल गार. सायेबानं वहीत लिवलं, 'इसम जागेवर आढळला नाही.' आरं, हौदात हुतो की रं मी! गळ्यापातूर हुतो!

मग सायेबानं दुसरी वाट सांगितली. म्हनला, 'स्थानिक शेतकऱ्याचा जबाब आणा, की हा माणूस इथं कायम राहणार याची मला खात्री आहे.' बरं. कुना शेतकऱ्याचा? तर शेजारच्याचा. शेजारी कोन? आदगोंडा पाटील! आन् मला दिलेली जिमीन मूळची कुनाची? आदगोंडा पाटलाचीच की वो! धरनाचं पानी मिळनार म्हनून त्येच्याकडनं सरकारनं काढून घेतली, आन् मला दिली! आता तुमीच सांगा, ज्येच्या ताटातली भाकर काढून माज्या ताटात टाकली, त्येलाच जाऊन मी म्हनायचं व्हय, की पाटील, ही भाकर मी पोटभर खानार, आसं जरा तुमी सांगा?

पर ग्येलो. लाज गुंडाळून ग्येलो. आदगोंडा पाटील म्हंजी जैन मानूस. उंच, काळाभोर, डोक्याला पांडरा रुमाल, बोलनं सावकाश. वसरीला बसला हुता. त्येची बायकू त्रिशलाबाई आतनं बघतीया, ह्यो परत आला का म्हैसवाला! म्या सांगितलं. त्यो म्हनला, 'मानसिंगा, त्या रानात माज्या आज्यानं बांध घातल्यात. माज्या बापानं हरळी खनून काढलीया, कमरंतनं मोडला त्यो त्याच रानात. आता तू राहनार, हे मीच सांगू व्हय? तू बी गेलास त्या लालासाहेबावानी, रान पडीक टाकून, तर मी कुनाचं तोंड बघू रे?' त्येला माज्यापरीस जास्त लागलं हुतं. म्हनला, 'मला काय जबाब मागू नको. काम दाव. रान बघून मी सांगतो.'

हिकडं बी तेच! सायेब म्हनतो इरादा दाखवा, पाटील म्हनतो काम दाव. ठीक हाय, म्हनलं, आता आसा दावतो की उभ्या हट्टीनं बघावा!

आन् म्या… तुमास्नी सांगतो… म्या राब जाळला.

आता तुमी सपाटीची मानसं, तुमास्नी राब काय ठावं? आमच्या डोंगरात पेरायच्या आदी जिमीन भाजत्यात. पाला, फांद्या, शेन, गवत, समदं थरावर थर रचायचं, वर माती भुरकायची आन् पेटवायचं. त्या भाजल्या जाग्यात नाचनीचं रोप काय उटतंय म्हनून सांगू! आमच्याकडं ज्येनं राब जाळला त्येनं त्या जिमिनीशी सोयरीक केली. कुनी परक्याच्या रानात राब जाळत न्हाई, आन् सोडून जायाच्या रानात तर त्याहून न्हाई. म्या म्हनलं, ह्येच्यापरीस मोटा इरादा तो कंचा? आठ-पंधरा दीस राबलो. बाभळीची झुडपं तोडली, तुराट्या गोळा केल्या, शेनी थापल्या. हट्टीची मानसं बांधावनं जाता जाता बघायची, 'काय कराल्यास रे?' मी म्हनायचो, 'बघशीला.' मला वाटायचं, काय खूस हुतील!

आमी डोंगरातली मानसं… आमाला काय म्हाईत, की काळ्या रानात कुनी राब जाळत न्हाई म्हनून?

सांजचा वकुत. जैनांची जेवनं दीस मावळायच्या आत, समदी हट्टी ताटावर बसलेली. म्या भैरोबाचं नाव घेतलं, बुडीत का हुईना, आन् दिली काडी. वारं पडलं आसंल म्हनलं, तर वारं उटलं! सपाटीचं वारं, त्येला आडवायला ना डोंगूर ना झाड. भडाभडा जाळ! धूर सरळ हट्टीत! आन् आदगोंडा पाटलाची कडब्याची गंज बांधाला लागून! 'आगऽ! आग लावली रंऽ! म्हैसवाल्यानं रान पेटिवलं!' हातातला घास टाकून मानसं पळाली. कळश्या, घागरी, बारड्या! आन् मी मदी उबा, दोनी हात वर, 'आवं थांबा, थांबा, ह्यो माजा राब हाय!' कोन ऐकतंय? एकानं आख्खी घागर माज्या राबावर वतली, दुसऱ्यानं माज्यावर. आन् त्रिशलाबाई… ती माउली कपाळाला हात लावून बसली. 'अय्यो बाबाऽ, किती किडामुंगी जाळलास रे! किती जीव गेलं!' आवं, मला त्या दिशी पयल्यांदा कळलं, की त्या मातीत आमी सोडून आनिक बी कोन ऱ्हातंय, आन् त्येंचा कायम ऱ्हायाचा इरादा आमी न इचारताच जाळला. म्या त्या बाईच्या पाया पडलो. खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं.

बातमी गेली हापिसात. सायेब आला. भिजकी राख बघितली आन् चष्मा पुसून म्हनला, 'मानसिंगराव, तुमचा इरादा चांगला दिसत नाही.' बघा! ऐकलंसा? न्हवता तवा म्हनत हुतं दाखवा, आन् दाखिवला तर म्हनं वाईट हाय!

सायेब ताबा रद्द करायचं लिवायलाच बसला, आन् आदगोंडा पाटील बांधावनं म्होरं आला. मला वाटलं, झालं, आता ह्यो बी चार शब्द माज्याच डोक्यावर टाकनार. तर त्यो म्हनला, 'सायेब, ह्यो मानूस खुळा हाय.' म्हनलं, घ्या. 'पर सोडून जानारा न्हवं. जानारा मानूस दुसऱ्याच्या रानासाठनं आसा मरमर मरत न्हाई. ह्येला माज्या रानाची माती कळत न्हाई, पर त्यो शिकंल. मी शिकिवतो. लिवा माजा जबाब.' आन् अंगठा न्हाई, चांगली वळनदार सही केली गड्यानं. ज्येची जिमीन गेली त्येनं! मला वाटलं, सुटलो. तर सायेब उठता उठता म्हनला, 'ते ठीक आहे. पण तुमचं कुटुंब कुठंय? माणूस एकटा असला की केव्हाही जातो. पुढच्या खेपेला मंडळींना हजर ठेवा, त्यांचा इरादा विचारायचाय.'

आता, माज्या ध्येनीमनी बी न्हवतं की रंगूबाईला बी इरादा आसतो!

वर जांभुळमुऱ्याला ग्येलो. खालच्या खाचरांत पानी शिरत हुतं. रंगूबाईनं भांडी बांधली, देवाचं टाक तांदळात घातलं, जातं उपसलं, आन् ट्रकात बसली. मी मागं बघत रडलो, मानूसच हाय मी, रडलो. ती सरळ म्होरं बघत बसलेली. हिंगनहट्टीला उतरल्या उतरल्या, छपरात जायचं सोडून, बाई जाऊन बसली भर उनात, बांधावर, तोंड वर करून. त्रिशलाबाई म्हनाय लागली, 'अक्का, सावलीला ये की!' उठंना. मला वाटलं, गावाच्या दुक्कानं आसं झालं. म्हनलं, बसू द्या.

सायेब यायच्या आदी दोन दीस मी तिची तयारी करून घ्येतली. 'हे बघ रंगू, सायेब इचारंल, हितं कायमचं ऱ्हायाचा इरादा हाय का? तू म्हनायचं, व्हय.' 'बरं.' 'म्हन बघू.' 'व्हय.' 'जरा मोट्यानं म्हन.' 'व्हय!' आवं, पल्टनीत कवायत घेत न्हाईत आशी घ्येतली! जिमीन त्या एका सबदावर लटकत हुती की वो!

चावडीत बसलो. सायेब, आदगोंडा पाटील, त्रिशलाबाई, दाराशी हट्टीची चार मानसं. रंगूबाई पदर घिऊन उबी. सायेबानं इचारलं, 'बाई, तुमचा इथं कायमचं राहण्याचा इरादा आहे ना?'

तिनं पदर सारखा केला. मी खाकरलो. मंग म्हनली, 'सायेब, खरं सांगू का ह्येंचं सांगू?'

माज्या पायाखालची चावडी हालली! सायेब म्हनला, 'खरं सांगा.'

'न्हाई,' म्हनली.

न्हाई! मी डोळं मिटलं. गेली जिमीन! वरलं पान्यात, खालचं पान्यात! सायेबानं बी कलम खाली ठिवली. म्हनला, 'बाई, समजून बोला. तुमचं गाव बुडालं. आता तिथं परत कसं राहणार?' तर म्हनली, 'तितं ऱ्हायचा बी इरादा न्हवता.' 'मग कुठं राहायचंय तुम्हाला?'

'म्हसवडला,' म्हनली. 'माज्या गावाला.'

आवं, म्हसवड तिचं म्हायेर! आमचं लगीन हुऊन वीस-बावीस वर्सं झाली, पोरगं पल्टनीत गेलं, आन् ही बाई माज्या घरात उबी ऱ्हाऊन अजून म्हसवडला ऱ्हात हुती! आन् मला पत्ता न्हाई! सायेबाकडं बघून बोलाय लागली, सावकाश, जशी कुनी सासू न्हाई, नवरा न्हाई, हट्टी न्हाई. म्हनली, 'सायेब, मला ह्यो सवाल जल्मात पयल्यांदा कुनी इचारला. माज्या बानं इचारला न्हाई, ह्येंनी इचारला न्हाई. उघड्या माळावरची पोर मी, मला न्हेऊन डोंगरात दिली. चार-चार म्हयनं सूर्व्या दिसायचा न्हाई. लुगडं वाळायचं न्हाई, पायाची बोटं चिखलानं कुजायची. रोज म्हनायची, उद्या जाते. उद्या भात लावायचं आसायचं. उद्या पोराला ताप यायचा. उद्या सासू आजारी. आशी ऱ्हायले. आता ह्येंनी हितं आनलं. हितलं ऊन तेवढं आमच्याकडल्यावानी हाय, म्हनून आल्या आल्या बसले. इरादा म्हनशीला तर न्हाई माजा. पर ऱ्हानार. तितं बी तशीच ऱ्हायले. लिवा तुमाला काय लिवायचं ते.'

त्रिशलाबाईनं पदर डोळ्याला लावला. तिचं म्हायेर अथनीकडं, कानडी मुलखात, तिला बी कुनी इचारलं नसंल. आदगोंडा पाटील भुईकडं बघाय लागला. आन् मी? मी तोंड कुटं घालू? एवढं म्हयनं हापिसात, बांधावर, हौदात बोंबलत फिरलो की माजा इरादा कुनी बघंना, माजं गाव सुटलं, माजं हाल झालं!

सायेबानं चष्मा काढला, परत घातला आन् लिवलं. वाचून दाखिवलं बी. 'कुटुंब कायम वास्तव्य करील याबद्दल खात्री झाली.' शिक्का मारला. म्हनला, 'अभिनंदन, मानसिंगराव. इरादा सिद्ध झाला.' कुनाचा, ते काय त्यो बोलला न्हाई आन् म्या काय इचारलं न्हाई.

जिमीन कायम झाली, मंडळी. आदगोंडा पाटील शाळू कसा पेरायचा ते शिकिवतोय, नीट चाललंय. पर माज्या जिवाला काय चैन पडंना. त्या दिशी जेवाय बसलो. रंगूबाई भाकरी थापत हुती. म्या धीर केला. म्हनलं, 'रंगू, सिद्धनाथाची जत्रा आलीया. जा की म्हसवडला. चार दीस ऱ्हाऊन ये.'

हात थांबला तिचा. तव्यावरली भाकर फुगली, ती बी तिनं उलटली न्हाई. म्हनली, 'चार दीस पावनी ऱ्हाती. माज्याच गावाला मी पावनी म्हनून जायाची व्हय?'

म्या ती करपल्याली भाकर तशीच खाल्ली आन् उठलो.